गर्भाचे दिवस आणि बाळाचा पहिला श्वास

सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं, ही समजूत आपल्याकडील बहुतेक घरांतून वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकूं येते. अडाणीपणा म्हणून ती उडवून लावणें सोपें आहे; पण ती वाटते तितकी गांवठी नाहीं. आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें, तें मातेकडून गर्भाकडे व गर्भाकडून मातेकडे जात-येत असतें, म्हणून त्या महिन्यांतील प्रसूति धोक्याची, असा विचार चरकसंहितेच्या शारीरस्थानांत आहे. आणि तिकडे ग्रीस देशांत हिप्पोक्रेटीसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथांत आठव्या महिन्याच्या मुलावर एक स्वतंत्र निबंधच आहे. दोन दूरदूरच्या देशांतील शहाण्या माणसांना एकच गोष्ट दिसली, त्या अर्थीं तिच्या मुळाशीं कांहीं तरी अनुभव असला पाहिजे. त्या अनुभवाचा उलगडा गेल्या साठ-पासष्ट वर्षांतच झाला, आणि तो ओजांत नसून कांहीं अंशीं बाळाच्या फुप्फुसांत व कांहीं अंशीं आपल्या दिवस मोजण्याच्या रीतींत आहे.

प्रथम फुप्फुसांचें पाहूं. गर्भाशयांत बाळ छातीची हालचाल करीत असतें, पण आंत-बाहेर होतें तें पाणी. हवा तेथें नाहीं. प्राणवायु पुरविण्याचें काम वार करीत असते, आणि फुप्फुसें स्वतःच निर्माण केलेल्या द्रवानें भरलेलीं असतात. जन्मल्याबरोबर थोड्याच वेळांत हें पाणी हटून त्याच्या जागीं हवा भरावयाची असते. फुप्फुस म्हणजे एक पिशवी नव्हे. कोट्यवधि सूक्ष्म पोकळ्यांचा तो झुबका आहे, आणि त्यांतील प्रत्येक पोकळी आंतून ओली असते. कांचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून ओढून पाहाव्या, म्हणजे ओले पृष्ठभाग एकमेकांना किती घट्ट धरतात तें कळतें. या पोकळ्यांचेंही तसेंच होतें. श्वास सोडतांच त्या मिटूं पाहतात, आणि प्रत्येक श्वासाला नव्यानें उघडाव्या लागतात. निसर्गानें यावर योजलेला उपाय साबणाच्या जातीचा आहे. रिठा पाण्यांत चोळला असतां पाण्याचा ताण कमी होऊन फेस टिकतो. तद्वत् फुप्फुसांतील विशिष्ट पेशी एक स्निग्ध पदार्थ तयार करतात, त्याचा पातळ थर पोकळ्यांच्या भिंतींवर पसरतो आणि श्वास सोडल्यावरही त्या पुरत्या मिटत नाहींत. या पदार्थाला सर्फॅक्टंट म्हणतात. तो सुमारें २४ व्या आठवड्यापासून तयार होऊं लागतो, आणि बहुतेक गर्भांत ३४-३५ व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा सांठतो. तत्पूर्वीं जन्मलेलें मूल दिसावयास गोंडस असेल, रडेलही. पण थोड्याच तासांत प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या बरगड्या आंत ओढल्या जातात, नाकपुड्या फुलतात, तें कण्हूं लागतें आणि दमून जातें.

अशीं मुलें या पदार्थाच्या अभावानें दगावतात, हें बोस्टन येथील मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें. कारण कळलें, पण उपाय हातीं नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पुत्र झाला. साडेपांच आठवडे आधीं जन्मलेल्या या बाळाचें वजन २ किलोंहून थोडें अधिक होतें. जगांतील अत्यंत सधन देशाच्या सर्वाधिकाऱ्याचें मूल, उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला. तरी तें ३९ तासांत गेलें. आज त्याच वजनाचीं व तितक्याच दिवसांचीं मुलें आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयांतून बहुशः बरीं होऊन घरीं जातात, हें लक्षांत घेतलें म्हणजे मधल्या काळांत किती अंतर तोडलें गेलें याची कल्पना येईल.

हें अंतर तोडण्यांत मोठा वाटा एका मेंढीच्या कोकराचा आहे. न्यूझीलंडांतील ऑकलंड येथें लिगिन्स नांवाचे डॉक्टर प्रसूतिवेदना कशामुळें सुरू होतात याचा शोध घेत होते. त्यासाठीं त्यांनीं गाभण्या मेंढ्यांवर स्टेरॉइड जातीच्या औषधाचे प्रयोग केले. एक कोकरूं इतकें आधीं जन्मलें होतें कीं तें जगावयासच नको होतें. पण तें अपेक्षेबाहेर तग धरून राहिलें, आणि त्याच्या फुप्फुसांत हवा शिरलेली आढळली. या आगंतुक गोष्टीकडे दुर्लक्ष न करण्याइतके लिगिन्स चाणाक्ष होते. पुढें त्यांनीं व हॉवी यांनीं २८२ मातांवर पद्धतशीर प्रयोग करून १९७२ सालीं तो प्रसिद्ध केला. औषध न मिळालेल्या मातांच्या मुलांपैकीं शेंकडा २५.८ मुलांना श्वासाचा हा विकार झाला. औषध मिळालेल्या मातांच्या मुलांपैकीं शेंकडा ९ मुलांनाच झाला. आईच्या दंडांत वा मांडींत टोंचलेलें औषध वारेंतून बाळाकडे जातें आणि जें काम फुप्फुसें आणखी कांहीं आठवड्यांनीं करणार, तें एक-दोन दिवसांत करवून घेतें. आपल्याकडे यासाठीं डेक्सामेथासोन वापरतात. तें स्वस्त आहे, आणि ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा बारा-बारा तासांनीं देतात.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. हल्लीं गर्भिणीच्या हातीं सोनोग्राफीचा कागद असतोच. सोनोग्राफींत बाळाचें हृदय दिसतें, बोटें मोजतां येतात, मग फुप्फुसें तयार झालीं कीं नाहीं एवढें डॉक्टरांनीं पाहून कां सांगूं नये, असें घरच्या माणसांना साहजिकच वाटतें. गारगोटीसारख्या ठिकाणीं तर हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नसतो. गारगोटी हें भुदरगड तालुक्याचें ठाणें. गांवांत ग्रामीण रुग्णालय आहे, मौनी विद्यापीठामुळें शिकलेली वस्तीही भरपूर आहे. परंतु फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासयंत्राची जरूर लागेल असें दिसलें, तर सुमारें ५० किलोमीटरांवरील कोल्हापूर गांठावें लागतें. आणि पाटगांव-कडगांवकडील घाटाखालच्या पावसांतून आलेल्या बाईला त्याआधीं गारगोटीपर्यंतची वाट असते ती निराळीच. बाळाचीं फुप्फुसें तयार असल्यास येथेंच थांबावें, नसल्यास तत्काळ निघावें, हा निर्णय पुष्कळदां रात्रीं-अपरात्रीं घरच्या कर्त्या माणसांपुढें येऊन उभा राहतो.

या प्रश्नाचें उत्तर यंत्राकडून मिळविण्याचा खटाटोप शास्त्रज्ञांनीं पुष्कळ केला. सोनोग्राफीचें मूळच मोठें मौजेचें आहे. ग्लासगो येथील आयन डोनल्ड यांनीं १९५५ सालीं कारखान्यांत धातूच्या जोडांतील भेगा ध्वनिलहरींनीं शोधण्याचें यंत्र पाहिलें, आणि शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी तेथें नेऊन त्यांवर तें लावून पाहिलें. १९५८ सालीं त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि बॉयलर तपासण्याच्या युक्तींतून गर्भ पाहण्याची विद्या निघाली. पुढें १९७९ सालीं ग्रॅनम यांनीं वारेच्या पिकण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या. शेवटच्या पायरीवरची वार दिसली कीं फुप्फुसेंही तयार, असें कांहीं वर्षें मानलें गेलें. मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडील टोंकाशीं साधारण ३२-३३ व्या आठवड्यांत हाडाचा एक ठिपका दिसूं लागतो, नडगीच्या वरच्या टोंकाचा ठिपका सुमारें ३५ व्या आठवड्यांत दिसतो; त्यांवरूनही अंदाज बांधण्यांत आले. फुप्फुस यकृतापेक्षां उजळ दिसतें काय, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनींतील प्रवाहाचा वेग कसा आहे, हेंही पाहिलें गेलें. अलीकडे बार्सिलोना येथील संशोधकांनीं फुप्फुसाच्या चित्राचा पोत संगणकाकडून वाचून घेण्याची पद्धत काढली आहे, आणि ती या सर्वांत अधिक आशा दाखविणारी आहे. तथापि यांपैकीं एकाही खुणेवर विसंबून प्रसूतीचा दिवस ठरवावा इतकी ती भरंवशाची ठरलेली नाहीं. सर्फॅक्टंटचा थर हा रेणूंच्या मापाचा. ध्वनिलहरींना तो दिसत नाहीं. दिसतें तें केवळ फुप्फुसाबरोबर वाढणारें दुसरें कांहीं तरी. तंबाखू ओढणाऱ्या किंवा रक्तदाब वाढलेल्या बाईची वार लवकर पिकलेली दिसते, म्हणून तिच्या बाळाला श्वास घेतां येईलच असें नाहीं. उलट मधुमेही मातेचें बाळ सोनोग्राफींत चांगलें धष्टपुष्ट, तीन किलोंचें दिसतें, घरचीं माणसें निर्धास्त होतात, आणि नेमकीं याच बाळाचीं फुप्फुसें पुष्कळदां मागें राहिलेलीं असतात.

सोनोग्राफी खेरीज गर्भजल सुईनें काढून तपासण्याचीही रीत होती. ग्लुक यांनीं १९७१ सालीं त्यांतील दोन स्निग्ध पदार्थांचें प्रमाण काढण्याची कसोटी दिली. तें दुपटीस पोंचलें कीं फुप्फुसें तयार समजावयाचीं. त्याहून सोपी कसोटी म्हणजे गर्भजल व मद्यार्क एकत्र हलवून फेस टिकतो कीं नाहीं हें पाहणें. रिठ्याची उपमा वर दिली ती कांहीं अगदींच कविकल्पना नव्हे! परंतु पोटांत सुई खुपसून घेण्याचा धोका, आणि फुप्फुसें तयार असलीं तरी मेंदू, दूध ओढण्याची शक्ति, अंगांतील ऊब राखण्याची शक्ति हीं अपुरीं असूं शकतात हा अनुभव, यांमुळें ही चांचणीही आतां बहुतेक मागें पडली आहे.

मग सोनोग्राफीचा उपयोग काय? माझ्या मतें तिचा फुप्फुसांविषयींचा सर्वांत मोठा उपयोग फुप्फुसांकडे न पाहतांच होतो. ती दिवस सांगते. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळजवळ एकाच गतीनें वाढतात; श्रीमंताचा गर्भ काय, गरिबाचा काय, उंच आईचा काय, ठेंगण्या आईचा काय, भेद नसतो. त्या काळांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची गर्भाची लांबी मोजली तर दिवसांचा अंदाज पांच-सात दिवसांहून अधिक चुकत नाहीं. ही रीत ग्लासगो येथेंच रॉबिन्सन यांनीं १९७३ सालीं घालून दिली. पुढें प्रत्येक गर्भ आपापल्या वळणानें वाढूं लागतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रथमच केलेल्या सोनोग्राफीचा अंदाज तीन आठवडेसुद्धां चुकूं शकतो. तीन आठवड्यांची चूक म्हणजे फुप्फुसांच्या हिशेबीं जगणें आणि न जगणें यांमधलें अंतर होय.

आपली घरगुती मोजणी किती ढिली आहे हें पाहावें. घरांत 'नववा लागला' असें म्हणतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. आठ महिने भरले म्हणजे २३६ दिवस, सुमारें ३४ आठवडे. नऊ भरले म्हणजे जवळजवळ ३८ आठवडे. अर्थात् 'नववा' या एकाच शब्दांत फुप्फुसें जेमतेम तयार होत असलेलें बाळ आणि पूर्ण तयार झालेलें बाळ अशीं दोन्हीं बसतात. त्यांतून कोणी शेवटच्या पाळीपासून मोजतो, कोणी पाळी चुकली त्या दिवसापासून. येथें चार आठवड्यांचा फरक पडला. अंगावर पिणारें मूल असतांना पुन्हां दिवस राहिले तर मोजावयास पाळीच नसते. आणि महिन्यांच्या नांवांवरून मोजणाऱ्यांची गंमत अधिक महिन्यांत होते. २०२३ सालीं अधिक श्रावण आला होता. त्या वर्षीं चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत बोटें मोजणाऱ्या आजीबाईंचा हिशेब एक महिन्यानें कमी भरला असेल! सातमाशी म्हणून जगलेलीं कित्येक मुलें वस्तुतः नऊमाशी होतीं, हें आतां वेगळें सांगावयास नको. लग्नाची तिथि आणि बारशाची तिथि यांचा मेळ घालण्यासाठींही कांहीं मुलें सातमाशी ठरत, आणि त्यावर कोणी अधिक चौकशी करीत नसे. आठव्याचीं म्हणून गणलेलीं मुलें मात्र बहुधा खरोखरच अपुऱ्या दिवसांचीं असत, आणि तीं जात. दिवस बरोबर मोजले असतां आठव्या महिन्याचें मूल सातव्याच्या मुलाहून जगण्याचा संभव अधिक असतो.

दिवस चुकल्यास केवढा अनर्थ होतो याचा पुरावा आपल्या शेजारींच, गारगोटीहून मुदाळ तिट्टा व निपाणी या मार्गानें गेल्यास लागणाऱ्या बेळगांवांत सांपडतो. २०११ ते २०१४ या काळांत सहा देशांत एक मोठा प्रयोग झाला. भारतांतील त्याचीं दोन क्षेत्रें म्हणजे बेळगांव आणि नागपूर. खेडोपाडींच्या गर्भिणींना अपुऱ्या दिवसांत प्रसूति होण्याचीं चिन्हें दिसतांच डेक्सामेथासोन मिळावें, म्हणजे हजारों बाळें वांचतील, अशी कल्पना होती. शेवटच्या पाळीची तारीख ठाऊक नसेल तेथें पोटाची उंची मोजण्याची रंगीत फीत आरोग्यसेविकांना देण्यांत आली होती. सुमारें एक लाख प्रसूतींचा हिशेब झाल्यावर निकाल आला तो धक्का देणारा होता. लहान बाळांच्या मृत्यूंत कांहीं फरक पडला नाहीं. उलट एकंदर नवजात मृत्यु दर हजारीं २३.९ होते ते प्रयोगाच्या गांवांत २७.४ झाले, आणि मातांना जंतुसंसर्ग झाल्याचा संशयही अधिक आढळला. औषध मिळालेल्या बहुसंख्य बायकांचीं बाळें पुढें पुरेशा वजनाचीं झालीं. म्हणजे त्यांना तें नकोच होतें.

औषधच वाईट, असा ओरडा तेव्हां झाला असता तर नवल नव्हतें. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें दुसरा प्रयोग हातीं घेतला. त्यांतही भारत होता आणि बेळगांवही होतें. या वेळीं अटी घातल्या: सोनोग्राफीनें दिवस निश्चित झालेले पाहिजेत, ते २६ आठवडे पुरे ते ३४ आठवडे अपुरे या मर्यादेंत पाहिजेत, प्रसूति लवकरच होणार अशी खात्री पाहिजे, आईला जंतुसंसर्ग नको, आणि बाळाची निगा राखणारें रुग्णालय पाहिजे. २,८५२ गर्भिणींचा हा प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्या गटांत शेंकडा २३.५ बाळें पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेलीं, औषध मिळालेल्या गटांत १९.६; म्हणजे दर पंचवीस मातांना औषध दिल्यास एक बाळ अधिक वांचलें. प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला, कारण फायदा इतका स्पष्ट झाल्यावर अर्ध्या मातांना औषध नाकारणें योग्य नव्हतें. औषध तेंच. रुग्णालयाची सोय हें फरकाचें एक कारण निःसंशय आहे. पण दिवसांचा निश्चित आंकडा हेंही तितकेंच मोठें कारण आहे, असें मला वाटतें.

येथें एक अडथळा आमच्या जिल्ह्यापुरता सांगितला पाहिजे. सोनोग्राफी म्हटली कीं कोल्हापुरांत पोलिस व पंचनामा आठवावा अशी स्थिति आपणच करून ठेवली. २००१ च्या शिरगणतींत या सुधारलेल्या, शाहू महाराजांचें नांव सांगणाऱ्या जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें ८३९ मुली निघाल्या. गर्भलिंग तपासण्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालींच कायदा केला होता, मध्यवर्ती कायदा १९९४ चा. तरीही ही लाज. पुढें जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकीर्दींत सोनोग्राफी यंत्रांनाच नोंद ठेवणारें उपकरण जोडण्याचा उपक्रम येथें झाला, आणि तो देशभर गाजला. परिणामीं कांहीं घरांत अशी धास्ती बसली आहे कीं तिसऱ्या महिन्याच्या आंत सोनोग्राफी केली तर लोक काय म्हणतील! कायद्यानें लिंग सांगणें व विचारणें वर्ज्य केलें आहे. दिवस ठरविणें वर्ज्य केलेलें नाहीं. नमुन्याच्या कागदावर सही करावी आणि निःशंक मनानें तपासणी करावी.

सुशिक्षित घरांत याहून वेगळा एक प्रकार शिरला आहे, आणि तो अडाणी घरांत नाहीं. शस्त्रक्रियेनें प्रसूति व्हावयाचीच आहे, तर ती चांगल्या नक्षत्रावर कां नको, म्हणून ज्योतिषाकडून मुहूर्त काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवण्यांत येतो. नक्षत्राविषयीं माझें कांहीं म्हणणें नाहीं. पण तें ३७ व्या किंवा ३८ व्या आठवड्यांत आलें तर? अमेरिकेंत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, आधीं ठरवून केलेल्या पुनःशस्त्रक्रियेनंतर ३७ व्या आठवड्यांत जन्मलेल्या शेंकडा १५.३ बाळांना श्वासाचा किंवा तत्सम त्रास झाला, ३८ व्यांत ११, आणि ३९ व्यांत ८. कळा सुरू झाल्या म्हणजे बाळाच्या फुप्फुसांतील पाणी शोषलें जाऊं लागतें. कळांवांचून आणि दिवसांवांचून बाहेर काढलेल्या बाळाला हें काम एकट्यानें करावें लागतें. मुहूर्त पाहावयाचाच असेल तर ३९ आठवडे पुरे झाल्यानंतरचा पाहावा, आणि आईच्या किंवा बाळाच्या प्रकृतीसाठीं डॉक्टरांनीं आधींची तारीख सांगितल्यास पंचांग मिटून ठेवावें.

पहिलटकरीण माहेरीं येते तेव्हां तिची ओटी भरतात, डोहाळजेवण होतें, सासरचीं माणसें हौसेनें साडी-चोळी पाठवितात. पण तिसऱ्या महिन्यांतील सोनोग्राफीचा तो एक कागद पुण्याच्या किंवा मुंबईच्या कपाटांतच राहतो. सातव्या महिन्यांत गारगोटीस नवी सोनोग्राफी करून घेतली जाते, आणि तिच्यावरील तारीख पहिल्या कागदाहून निराळी निघते. अशा वेळीं नव्या कागदावरची तारीख खरी मानण्याकडे घरच्यांचा कल असतो, कारण तो अधिक ताजा. वस्तुतः जुना कागदच खरा. नव्यानें बाळाची वाढ पाहावी, दिवस नव्हे. सरकारी आरोग्यकेंद्रांत व रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भिणींची तपासणी होते, तेथेंही हाच पहिला कागद न्यावा. मधुमेह असल्यास तसें आधींच सांगावें, कारण या इंजेक्शनानें आईच्या रक्तांतील साखर कांहीं दिवस चढते.

आणि ३४ आठवडे भरण्यापूर्वींच कळा आल्या, तर कोल्हापूरला निघण्यापूर्वीं पहिली मात्रा येथेंच देतां येते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणें पुढें पाठविण्यापूर्वीं ही पहिली मात्रा आरोग्यसेविकेलाही देण्याची मुभा आहे. ती पूर्ण गुणास येण्यास सुमारें एक दिवस लागतो, पण कांहीं तासांचाही उपयोग होतो. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयांत असो वा दुसरीकडे, बाईबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर ती मात्रा किती वाजतां दिली हें लिहून घ्यावें, म्हणजे दुसरी मात्रा तेथील डॉक्टरांना त्या वेळेपासून बारा तासांनीं देतां येते.